सही जुळत नाही

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी खिडकीवर माणसापेक्षा त्याची सही मोठी. माणूस जिवंत समोर उभा असला तरी तो काही पुरावा नव्हे. वीस वर्षांपूर्वीच्या सहीतला ‘र’ आज जरा वाकडा आला की बाबू चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, सही जुळत नाही. योग्यच आहे. मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्याला ‘सही केली होती, मान्यता दिली नव्हती’ असं म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. ती सोय फक्त राज्यसंस्थेला आहे, आणि तिचं भारदस्त नाव अनुसमर्थन.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 14 ऑक्टोबर 1997 रोजी सही केली. अनुसमर्थन व्हायचंय. माणसं सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या करारावर 6 फेब्रुवारी 2007 रोजी सही केली. तेही व्हायचंय. सही केलेल्या देशाने मधल्या काळात कराराच्या हेतूलाच सुरुंग लावू नये, असं 1969च्या व्हिएन्ना करारात लिहिलं आहे; पण त्या करारात आपण नाहीच. (रूढी म्हणून तो नियम लागू होतो, असं जाणकार म्हणतात, पण रूढीवर ठप्पा नसतो.) म्हणजे सहीला काय अर्थ आहे हे ज्या कागदावर लिहिलंय, नेमका तोच कागद आपण बिनसहीचा सोडला. याला गाफीलपणा म्हणवत नाही. एवढी बारीक नजर मुरलेल्या कारकुनाचीच असते.

आता, सही आणि अनुसमर्थन यांत अंतर हवंच, हा आक्षेप खरा आहे. कुणी परदेशात पेन काढलं म्हणून इथला कायदा बदलू नये, आधी संसदेने कायदा करावा. ठीक. 2010 साली छळविरोधी विधेयक आलं. त्यात तक्रारीला सहा महिन्यांची मुदत आणि खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी. म्हणजे लाठी ज्याची, ठप्पाही त्याचाच. तेवढंसुद्धा एका सभागृहात पारित होऊन दुसऱ्याच्या समितीत गेलं आणि पुढे मुदत संपून बारगळलं. दुसरा आक्षेप जास्त ऐटीत येतो: आपल्याकडे जीविताची आणि व्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारं घटनेचं कलम 21 आहे, परक्यांचा कागद कशाला? हे वाक्य देशात कुठेही बोलावं, जबलपुरात बोलू नये. कायद्याची पोरं जो खटला इथल्या एका दंडाधिकाऱ्याच्या हुद्द्यानेच ओळखतात, त्यात 28 एप्रिल 1976 रोजी 4 विरुद्ध 1 असा निकाल लागला: आणीबाणीतल्या आदेशाने त्या कलमाची दाद बंद आहे, तेव्हा बेकायदा कोंडलेल्यानेही न्यायालयाचं दार वाजवू नये. 44व्या घटनादुरुस्तीनंतर कलम 21 असं गुंडाळता येत नाही, हे मान्य. पण ती सुचली आधी टाळं लागल्यावर, आणि तो निकाल स्पष्ट शब्दांत रद्द व्हायला 2017 उजाडलं. शिवाय रात्री दोन वाजता कोठडीत माणूस उलटा टांगलेला असतो, तेव्हा कलम 21 कुठे असतं हो? ठाण्याच्या टेबलावर असतो एक कोरा पंचनामा. त्याखाली दोन पंचांच्या सह्या आधी होतात, मजकूर सकाळी भरतात. त्या सह्यांचं अनुसमर्थन कुणी मागत नाही. त्या जुळतात.