उत्साहाची सरकारी सुट्टी

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार कतारचा राष्ट्रीय क्रीडा दिन. 2012 पासून चक्क सुट्टी. त्या सकाळी दोह्याच्या कॉर्निशवर आपली मराठी मंडळी नव्या कोऱ्या बुटांत अशी झपाझप चालतात, की पंढरपूर पुढच्याच वळणावर असावं. सेल्फी, पोहे, संकल्प. मार्चपासून ट्रेडमिलवर टॉवेल वाळतात. मग उन्हाळ्यात कायदाच मदतीला धावतो: 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी 10 ते दुपारी 3:30 उघड्यावर काम बंद. केलाय उन्हात राबणाऱ्या मजुरांसाठी, लागू करून घेतो एसीत बसलेला हिशेबनीस! ‘ऊन उतरलं की बघू,’ म्हणतो, संध्याकाळीसुद्धा. मजूर मात्र पहाटेच कंपनीच्या बसमध्ये असतो. त्याला मरगळ आली, तर पगार कापतात.