तीन लेकी, तीन खासदार

पराट्यांच्या कुडाला मधोमध भगदाड पडलंय. ते कोणी बुजवत नाही, कारण तिकडून ताक येतं आणि इकडून बातम्या जातात. 2024 च्या डिसेंबरातली गोष्ट. काकू वेचणीवरून आल्या, लुगड्याला चिकटलेला कापूस काढत भगदाडाशी उभ्या राहिल्या.

"मंत्री किती झाले वो आपल्या जिल्ह्याचे?"

"तीन. दिग्रसचे संजय राठोड, राळेगावचे अशोक उईके, पुसदचे इंद्रनील नाईक."

"माय वो! तीन मंत्री, अन् सोयाबीन चार हजाराच्या आसपास?"

"हमीभाव 4892 आहे, काकू."

"हाय नं. कागदावर."

मग गाडी लेकींवर आली. थोरली आर्णीला, मधली उमरखेडला, धाकटी यवतमाळात. "एकाच जिल्ह्यात देल्या म्हनून बरं वाटे. पन खासदार पाह्य, तिघींचे तीन!"

खरंच आहे. यवतमाळ जिल्ह्यात आमदार सात, पण वणी आणि आर्णी लोकसभेला चंद्रपुरात, उमरखेड हिंगोलीत आणि उरलेले चार मतदारसंघ यवतमाळ-वाशीममध्ये, वाशीम-कारंज्याशी बांधलेले. 2024 च्या एप्रिलात चंद्रपूरचं मतदान 19 ला झालं, आपलं आणि हिंगोलीचं 26 ला. मधल्या आठवड्यात काकूंच्या पुतणीचं लग्न होतं. हळद लावायला बसल्या तर थोरलीच्या बोटाला शाई, बाकीच्या दोघी कोऱ्या. मधलीनं विचारलंही, "कोनाले देलं वो ताई?" ताईनं तिच्या तोंडालाच हळद फासली.

जूनमध्ये तिन्हीकडे महाविकास आघाडीच आली. चंद्रपुरात प्रतिभा धानोरकर, हिंगोलीत नागेश पाटील आष्टीकर, आपल्याकडे संजय देशमुख, तेही 94 हजारांवर मतांनी. कापूस-सोयाबीनचा राग होताच, वर तिकिटाचा घोळ. शिंदेंच्या सेनेनं पाच वेळा निवडून आलेल्या भावना गवळींना घरी बसवलं आणि राजश्री पाटलांना उभं केलं. त्यांचे यजमान हेमंत पाटील तेव्हा हिंगोलीचे खासदार. त्यांची उमेदवारी तिकडे ऐनवेळी काढून घेतलेली.

"नवऱ्याचं कापलं अन् बायकोले देलं," काकू म्हणाल्या. "लोक म्हने, बाहेरची हाय. मी म्हटलं, आपले जांबुवंतराव धोटे 1971 ले नागपुरातून नाई खासदार झाले? तवा कोनी इचारलं, की हा यवतमाळचा कायले आला म्हनून?"

काकू अशा मध्येच खोडा घालतात, म्हणून तर मला त्यांच्याशी बोलायला आवडतं.

नोव्हेंबरात विधानसभेला मात्र पारडं फिरलं. सातपैकी पाच जागा महायुतीला. टीव्हीवरचे शहाणे एकच सांगत होते, लाडकी बहीण. काकूंनी पासबुक आणून दाखवलं होतं, पाच महिन्यांचे साडेसात हजार. बाकीच्या नोंदी पुसट, या पाच मात्र त्यांनी पेनानं गोल करून ठेवलेल्या. पण नुसतं त्यामुळंच झालं, हे मला पटत नाही. यवतमाळात काँग्रेसचे बाळासाहेब मांगुळकर आले, वणीत ठाकरेंच्या सेनेचे संजय देरकर. तिथंही बहिणी होत्याच की. आमदारकीला लोक माणूस बघतात, नात्यागोत्याचा हिशेब करतात, समाज बघतात. खासदारकीला दिल्लीवरचा राग काढून मोकळे होतात.

"मले तं संजयचंच कोडं हाय," काकू म्हणाल्या. "देशमुख संजय, राठोड संजय, वनीचा बी संजय. बरं, ह्यातले दोन एकमेकायचे वैरी."

वैर जुनंच. 2019 ला दिग्रसमध्ये देशमुख अपक्ष राहून राठोडांशी लढले आणि पडले. पुढे सेनेचीच दोन शकलं झाली. राठोड शिंदेंकडे गेले, देशमुख ठाकरेंकडे. 2024 ला विधानसभेत राठोडांसमोर काँग्रेसचे माणिकराव ठाकरे होते. 2004 ला दारव्ह्यात याच राठोडांनी त्यांना पाडलं होतं. वीस वर्षांनी पुन्हा तेच.

आर्णीचे राजू तोडसाम 2014 ला भाजपचे, 2019 ला अपक्ष, आता परत भाजपचे. काकूंना त्याचं काही वाटत नाही. "पार्टी बदलली तं काय झालं, मानूस तं तोच नं!" पुसदकडे तेवढीही भानगड नाही. वसंतराव नाईक 1952 ला तिथून निवडून आले, पुढे ते आणि सुधाकरराव दोघंही मुख्यमंत्री झाले. 2019 ला चुलतभावाचुलतभावांत लढत लागली, तरी आमदार नाईकच झाला.

"काकू, तुम्ही कोणाला दिलं?" मी शेवटी विचारलंच.

काकूंनी मागे वळून ओसरीकडे पाहिलं. काका बाजेवर पेपर उलटत होते.

"हळू बोल. त्यायले वाटते, घरातली चारी मतं त्यायच्याच पार्टीले गेली."