घाटघरात नेटवर्कवर पाळत कशी ठेवावी

साहित्य: उबुंटू चढवलेला जुना डेस्कटॉप, एक राउटर आणि सबंध मोकळी दुपार. पाळतीचं सॉफ्टवेअर वायरशार्क फुकट मिळतं. 2006 पर्यंत त्याचं नाव इथिरियल होतं, हे पाहुण्यांना सांगायला बरं.

पाळत ठेवण्यात घाटघरला कुणी नवशिकं समजू नये. शेजारी नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी जकात त्यात पडे, असं सांगतात. तिथल्या लेण्यातल्या राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची दक्षिणा आकड्यांसकट नोंदली आहे: 1,700 गाई, 24,400 कार्षापणं वगैरे. दोन हजार वर्षांचा लॉग अजून भिंतीवर आहे. तुमच्या हार्ड डिस्ककडून एवढी अपेक्षा ठेवू नका.

रांजण घाटात ठेवला होता, कुणाच्या माजघरात नव्हे, हे मात्र ध्यानात घ्या. राउटरला जोडलेल्या डेस्कटॉपवर वायरशार्कला मुख्यतः स्वतःचीच रहदारी दिसते. पाहुण्यांची बघायची असेल तर डेस्कटॉपलाच हॉटस्पॉट करा. पाहुण्यांना सांगून, अर्थात.

आता टर्मिनल उघडून ‘सुडो एपीटी अपडेट’ द्या. पासवर्ड टाइप करताना अक्षर उमटत नाही. म्हणून कीबोर्ड आपटू नये. मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल वायरशार्क’. हे नेटवरून उतरतं. म्हणजे नेट आहे की नाही हे बघायच्या सॉफ्टवेअरसाठी आधी नेट हवं. आषाढात हा टप्पा लांबतो. मधल्या वेळात पिठलं-भाकरी उरकून घ्या.

मधेच एक पडदा येतो: साध्या वापरकर्त्यांना पॅकेट पकडू द्यायची का? तिथे ‘नाही’ आधीच निवडलेलं असतं आणि आपण सवयीनं एंटर दाबतो. ‘हो’ म्हणा, ‘वायरशार्क’ गटात स्वतःचं नाव घाला, लॉगआउट करून परत या. हे शेवटचं न करता सॉफ्टवेअरला शिव्या देणारे पुष्कळ.

सुरू केल्यावर यादीत ‘एलओ’ दिसेल. हे यंत्राचं स्वतःशीच बोलणं, पत्ता 127.0.0.1. घाटघरात मुसळधार पावसातही न तुटणारं नेटवर्क हेच. मन रमवायला उत्तम.

खरी परीक्षा शनिवार-रविवारी. जीवधन किल्ला उतरून आलेला ट्रेकर थाळीचे पैसे द्यायला क्यूआर स्कॅन करतो आणि फोन उंच धरून अंगणभर फिरतो.

“मावशी, पैसे आले का?”

“नाय रं दादा, अजून नाय.”

वायरशार्कच्या पडद्यावर काळ्या पट्ट्यांत तांबडी अक्षरं धावू लागतात: तेच पॅकेट पुन्हा, परत पुन्हा. आधी राउटरला पिंग करा, मग गुगलच्या 8.8.8.8 ला. राउटर उत्तर देतो आणि बाहेरचा गप्प, तर बहुधा दोष तुमच्या घरात नाही. हे सिद्ध झाल्याचा आनंद मोठा असतो. थाळीचे पैसे तेवढे रोख घ्या.

वीज गेली की नोंदी थांबतात. त्यावरून तक्रार मिटली असं समजू नये. तसं समजण्याचा अधिकार फक्त ग्राहकसेवेला आहे.