रॅमभाऊ

मुलुंड पूर्वेला, नवघर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कोणाची शुगर किती आणि कोणाचं बीपी किती, हे साधारण सगळ्यांना पाठ असतं. रॅमभाऊंना त्यात रस नाही. लिफ्टमध्ये गाठ पडली की ते एवढंच विचारतात, "किती आहे?" नवा भाडेकरू बावचळून फ्लॅटचा एरिया सांगतो. आम्ही जुने रहिवासी निमूटपणे म्हणतो, "आठ." मग चष्म्यावरून आपल्याकडे बघत, पथ्य मोडलेल्या पेशंटला बोलावं तशा आवाजात ते म्हणतात, "आठात हल्ली काय होतंय!"

आठ म्हणजे आठ जीबी. लॅपटॉपमधली रॅम. आईवडिलांनी त्यांचं नाव वेगळंच ठेवलेलं आहे, पण ते आता फक्त मेंटेनन्सच्या बिलावर उरलंय. बाकी खालच्या वॉचमनपासून वरच्या आजींपर्यंत सगळ्यांचे ते रॅमभाऊ. कित्येकांना ते रामभाऊच वाटतं आणि उच्चार हल्लीच्या मुलांनी बिघडवला असं वाटतं. ही जात आमच्याकडेच आहे असंही नाही. बोरिवलीला माझ्या मेव्हण्याच्या सोसायटीत एक आहे. घाटकोपरला मावशीच्या बिल्डिंगमध्ये दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

आमचे रॅमभाऊ एका कारखान्याच्या स्टोअर्समधून निवृत्त झाले. चौतीस वर्षं इंडेंटवरचा पार्ट नंबर आणि मालावरचा पार्ट नंबर जुळवण्यात गेली. निवृत्तीनंतर माणसं हरिपाठाला लागतात. हे लॅपटॉपच्या पोटातली लेबलं वाचायला लागले. आणि हे काम लेबल वाचणाऱ्याचंच आहे. डीडीआर-थ्री रॅमच्या पट्टीला २०४ पिना, फोरला २६०, फाइव्हला २६२. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी, म्हणजे चुकीची पट्टी बसतच नाही. "बनवणाऱ्यांनी आपल्यासारख्यांचा विचार केलेला आहे," असं रॅमभाऊ म्हणतात. त्यातले 'आपल्यासारखे' म्हणजे समोरचे.

बोलावलं की ते येतात. न बोलावताही येतात. खुर्चीवर बसून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबतात आणि वैद्यानं नाडी धरावी तसे डोळे बारीक करतात. "मेमरी त्र्याण्णव टक्के." घरात एकदम शांतता. कोणीतरी घाबरून पाणी आणतं. मग ओट्याचं प्रवचन सुरू होतं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, हार्ड डिस्क म्हणजे पोटमाळा. तुम्ही पोळ्या लाटताय, शेजारी भाजी चिरून ठेवलीय, त्यातच कुकर उतरवलाय. ओटा भरला. आता मिक्सर ठेवायचा तर परात उचलून पोटमाळ्यावर टाकायची, आणि पुन्हा परात लागली की स्टूल लावून वर चढायचं. "तुमचा लॅपटॉप सकाळपासून स्टुलावर चढउतार करतोय हो!" एवढं ऐकल्यावर आमच्या बाजूच्या काकूंना त्या यंत्राची जी काही दया आली, ती सुनेची बारा वर्षांत आली नव्हती.

जुनी पट्टी काढून, तिचा नमुना खिशात घालून रॅमभाऊ लॅमिंग्टन रोडला निघतात. वहिनी बरोबर असल्या तर त्या दादरला उतरतात, पर्समध्ये ब्लाउजपीस घेऊन मॅचिंग सेंटरला. हे दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे. त्यांना मात्र रॅमइतकाच त्या रस्त्यावरचा मिनर्व्हा आठवतो, जिथे 'शोले' पाच वर्षांहून जास्त चालला. "तेव्हा तिकीट ब्लॅकनं घ्यायचो, आता रॅम घासाघीस करून घेतो." दुकानदार नमुना न बघताच म्हणतो, "चलेगा चाचा, सब में चलता है." या वाक्यावर रॅमभाऊंचा विश्वास नाही. खिशातून भिंग निघतं. क्षमता, पिढी, वेग, व्होल्ट असं सगळं लेबलावरून वाचून होईस्तोवर मागे गिऱ्हाइकांची रांग लागते. एकदा दुकानदारानं कंटाळून सांगितलं, "लाइफटाइम वॉरंटी है." रॅमभाऊ तेव्हा सहासष्टचे. त्यांनी शांतपणे विचारलं, "किस की लाइफ?"

संध्याकाळी दोघं दादरच्या पुलावर भेटतात. वहिनी म्हणतात, शेड जरा फिकी मिळाली. हे म्हणतात, बत्तीसशेचीच मिळाली, जुनी चोवीसशेची आहे. म्हणजे वेगाचं. आता या दोघी पट्ट्या एका लॅपटॉपात बसवल्या की बत्तीसशेवालीनं आपली चाल सोडून चोवीसशेवालीच्या चालीनं चालायचं, असा नियम आहे. वहिनींना हे एकदा समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "यात नवीन काय सांगितलंत?"

खरा सोहळा पट्टी बसवण्याचा. डायनिंग टेबलावर धुतलेली चादर. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. वहिनींचा औषधांचा आठवड्याचा डबा रिकामा करून त्यात स्क्रू ठेवायचे: मागचे सोमवारात, पुढचे मंगळवारात, मधला आखूड एकटा गुरुवारात. खालचं झाकण मुदत संपलेल्या एटीएम कार्डानं कडेकडेनं उचकटायचं आणि पहिलं काम म्हणून बॅटरीची वायर सोडवायची. मग अंगातली स्थिर वीज उतरवायला नळ धरायचा. मुंबईच्या दमट हवेत ही वीज तशी फार साठत नाही, पण सोवळं ते सोवळं. सोसायटीनं जुन्या लोखंडी पाइपलाइनच्या जागी प्लॅस्टिकचे पाइप घातले, तेव्हा सर्वसाधारण सभेत एकट्या रॅमभाऊंनी लेखी विरोध नोंदवला. कारणाच्या रकान्यात 'अर्थिंग' असा एकच शब्द होता. हल्ली ते खिडकीची ग्रिल धरतात. समोरच्या बिल्डिंगमधल्यांचा त्यामुळे वेगळाच समज झालेला आहे.

पट्टीच्या सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. जुनी असेल तर दात खोडरबरानं हलके पुसायचे. मग कडेनं धरून खाचेला खाच जुळवायची, साधारण तीस अंशात तिरकी सरकवायची आणि वरून दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा 'टक्' असा आवाज येतो. तो आला की रॅमभाऊ मान वर करतात. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी 'आता टाळ्या वाजवा' म्हणून सगळ्यांकडे बघतात, तसं. कोणी टाळ्या वाजवत नाही. पण पोहे येतात.

अपयशं आली नाहीत असं नाही. एका डॉक्टरांच्या लॅपटॉपला पट्टी बसली, पिना २०४, खाच जिथल्या तिथे, आणि स्क्रीन मात्र काळा ठिक्कर. तीन दिवसांनी भिंगाखाली उलगडा झाला. त्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर-थ्री-एल लागत होती, मिळाली होती दीड व्होल्टची साधी थ्री. एक 'एल' वाचायचा राहिला. चौतीस वर्षांच्या नोकरीत झाली नाही ती चूक, म्हणून रॅमभाऊंनी त्या एकादशीला फराळसुद्धा केला नाही.

दुसरं प्रकरण खजिनदारांचं. त्यांच्या विंडोज सेव्हनमध्ये चार जीबी घातली आणि वापरायला मिळाली सव्वातीन. आता ३२ बिटच्या विंडोजला चार जीबीपलीकडचे पत्तेच मोजता येत नाहीत, आणि त्या चारातलाही काही भाग इतर हार्डवेअरसाठी राखून ठेवावा लागतो. हे सगळं खरं आहे. पण माणूस खजिनदार. "चारचे पैसे घेतलेत, पाऊण कुठे गेली?" हा प्रश्न त्यांनी दूधवाल्याला विचारावा तसा पार्किंगमध्ये, चारचौघांत विचारला. रॅमभाऊंनी ६४ बिटचं विंडोज घालून पाऊण जीबी परत मिळवून दिली. दोघांत अजून नमस्कारापुरतंच आहे.

दिवस मात्र पालटले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट संपला. ज्या जुन्या लॅपटॉपांना रॅमभाऊंनी सोळा-सोळा जीबी पाजली होती, त्यांतल्या कित्येकांना विंडोज इलेव्हन दारात उभं करेना. रॅम भरपूर आहे, प्रोसेसर जुना आहे, टीपीएम ही सुरक्षेची चिप नाही. त्यातच एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली आणि लॅमिंग्टन रोडवर भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉन कंपनीनं तुमच्याआमच्यासाठीचा 'क्रुशल' हा रॅमचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ती बातमी रॅमभाऊंनी मला गेटवर सांगितली, हलक्या आवाजात. मी चपला काढाव्यात की काय, अशा विचारात पडलो.

त्याच आठवड्यात त्यांनी लाडवांचा स्टीलचा डबा खाली काढला. त्यात वीस वर्षांतल्या काढलेल्या पट्ट्या आहेत, प्रत्येक चंदेरी पिशवीत, वर चिठ्ठी. वहिनींनी तो दोनदा भंगारवाल्याला द्यायला काढला होता. "बघ, आता याला सोन्याचा भाव येणार." वहिनींनी वरची चिठ्ठी वाचली: ५१२ एमबी. "हे सोनं कोणाच्या गळ्यात घालणार?" त्यांनी विचारलं. रॅमभाऊंनी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

परवा माझ्या मुलीनं पहिल्या पगारातून लॅपटॉप घेतला. वहीइतका पातळ. बातमी लिफ्टमधून वर पोचायच्या आत रॅमभाऊ औषधांचा डबा घेऊन दारात. "फक्त पाहून ठेवतो." मुलगी नको म्हणेपर्यंत स्क्रू सोमवारात गेलेसुद्धा. झाकण निघालं. रॅमभाऊंनी टॉर्च मारला, भिंग लावलं, लॅपटॉप फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. स्लॉटच नव्हता. मेमरीच्या काळ्या चिपा थेट बोर्डावर सोल्डर करून बसवलेल्या, जन्माच्या.

"काका, सोळा आहेत आतच," मुलगी म्हणाली. तिला वाटलं धीर दिला.

त्यांनी एकेक स्क्रू परत लावला, पोहे अर्धे ठेवले आणि गेले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. ते काही विचारेनात, म्हणून मीच म्हटलं, "सोळा." त्यांनी मान हलवली. चौथा मजला आला तसा त्यांनी दरवाजा हातानं अडवून धरला.

"तिचा तो जुना होता ना, स्लॉटवाला? भंगारात नाही ना दिलात?"

"नाही. पोटमाळ्यावर आहे."

"उद्या सकाळी शिडी घेऊन येतो," रॅमभाऊ म्हणाले.