मार आणि बास

दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून माझा आवाज ऐकू येतो, "मार! अजून मार! सोडू नकोस, मार!" नवे भाडेकरू पहिल्या खेपेला गॅलरीत धावत येतात. खाली बघतात तर एक पांढरी मारुती ८००, तिच्या उघड्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत गेलेले एक साठीचे गृहस्थ आणि स्टिअरिंगवर, हाताला कणीक लागलेली त्यांची बायको. मारायचा असतो तो सेल्फ. भाडेकरू निराश होऊन आत जातात.

गाडी १९९८ ची. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटर. पंधरा वर्षं भरल्यावर ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षं वाढवून आणली, मग आणखी पाच, मग आणखी पाच. तिचं बहुतेक काम मी घरीच करतो. हौस आहे, आणि खरं सांगायचं तर गॅरेजवाल्याने "काका, किती दिवस वापरणार?" असं विचारलेलं मला सोसत नाही.

या हौसेतली अडचण एकच. इंजिन पुढे असतं आणि चावी आत. हात मात्र दोनच, आणि तेही एकाच माणसाला लावलेले. उदाहरणार्थ कॉम्प्रेशन बघायचं असेल तर तिन्ही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडवायची, प्लगच्या भोकात गेज घट्ट बसवायचा, आणि कोणीतरी आत बसून अॅक्सिलरेटर तळाला टेकवून सेल्फ मारायचा. इंजिनाने पाच-सहा दम भरेपर्यंत काटा टप्प्याटप्प्याने चढतो आणि थांबतो, तो आकडा खरा. हे 'कोणीतरी' म्हणजे गेली पंचवीस वर्षं आमची ही.

तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मराठी भाषेबद्दल आहे. सुरू करायला 'मार' आणि थांबवायला 'बास'. उघडं बॉनेट, वर केलेली काच आणि मधे घरघरणारा सेल्फ, यातून गाळून आत काय पोचतं, तर नुसता 'आ'. मी 'बास' म्हणालो की ती जोरात मारायची आणि 'मार' म्हणालो की सोडून द्यायची. आम्ही शब्द बदलून पाहिले. 'चालू' आणि 'बंद' ठरवलं, पण ऐन वेळी माझ्या तोंडातून 'मार'च निघायचं. मग बॉनेटवर थाप मारायची खूण ठरली. एक थाप म्हणजे सुरू, दोन थापा म्हणजे बंद. पहिल्या दोन थापांच्या मधल्या वेळात काय करायचं, हा प्रश्न तिने विचारला. उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

मागच्या वर्षी तिसऱ्या सिलिंडरने दगा दिला. पहिल्याला साडेअकरा किलो, दुसऱ्याला अकरा, तिसऱ्याला नऊ. माझा चेहरा उतरला. अशा वेळी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. मी ऑइल सोडलं, पुन्हा मोजलं, तर साडेअकरा! रिंगा गेल्या. म्हणजे इंजिन उतरवणं आलं, खर्च आला, गॅरेजवाल्याचं "काका, किती दिवस" आलं. दोन रात्री नीट झोप नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना सहज हिला म्हणालो, "पहिल्यांदा तिसऱ्याला नऊच कसे आले गं?" ती आमटी वाढता वाढता म्हणाली, "तेव्हा ना, कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी गॅस बंद करायला पळाले."

पळताना तिने अर्थातच चावी सोडली होती. काटा बिचारा अर्ध्या वाटेत उभा होता, आणि मी त्यालाच शेवटचं स्टेशन समजलो.

त्याच शनिवारी मी नाना पेठेतलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान गाठलं. मला हवं ते खेळणं फार साधं असतं. हाताच्या मुठीत मावणारी मूठ, तिच्या टोकाला लाल बटण, त्यातून निघालेल्या दोन लांब वायरी आणि वायरींच्या टोकांना मगरीच्या तोंडासारखे दोन चिमटे. एक चिमटा बॅटरीच्या प्लसला लावायचा, दुसरा सेल्फच्या सोलेनॉइडवर जी बारीक वायर येते तिच्या टोकाला. बटण दाबलं की सेल्फ फिरतो, सोडलं की थांबतो. चावीचा संबंधच नाही. टॅपेट सेट करतानाही इंजिन तीळ-तीळ फिरवता येतं. नाहीतर त्यासाठी गाडी चौथ्या गिअरला टाकून ढकलावी लागते, आणि हवी ती खूण दर वेळी बोटभर पुढे निघून जाते. दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारलं, "कशाला हवंय?" म्हटलं, "एकट्याने काम करायला." त्याने चष्म्यावरून पाहिलं. "का, घरी कोणी नसतं?"

घरचा प्रश्न वेगळा होता. "केवढ्याला आणलंत?" मी आकडा सांगितला. "म्हणजे पंचवीस वर्षं मी साडेतीनशे रुपयांचं काम करत होते तर!" आणि ती आत निघून गेली.

मी वाद घातला नाही. वडिलांची आठवण झाली. त्यांच्या फियाटला पुढून हँडल मारावं लागे, आणि ते कोणालाही हात लावू देत नसत. अंगठा हँडलभोवती वळवायचा नाही, चार बोटांच्या बाजूनेच ठेवायचा, नाहीतर इंजिनाने उलटा फटका दिला की मनगट गेलं, हा पहिला धडा मला त्यांनी दिला. हे हँडल जावं म्हणून अमेरिकेत केटरिंग नावाच्या इंजिनिअरने विजेचा सेल्फ केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसला. मनगटं वाचली. पण इंजिनासमोर उभा असलेला माणूस आत सीटवर जाऊन बसला, आणि माझ्या मते ओरडाआरड्याचं मूळ तिथेच आहे.

रविवारी चिमटे लावून मी एकट्याने काम करायला सज्ज झालो. आता एक मुद्दा. पुण्यात उघड्या बॉनेटपाशी कोणी एकटा राहू शकत नाही. आजवर माझ्या मागे चार-पाच जण हात पाठीमागे बांधून उभे असत, "कार्बोरेटर असणार" वगैरे मतं देत, पण "जरा आत बसता का?" म्हटलं की प्रत्येकाला दूध आणायचं असे. त्या दिवशी लाल बटण दिसलं आणि दूध कोणालाच आठवेना. "मी दाबू का?" दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर. "आजोबा, मी!" त्यांचा नातू. वॉचमननेही खुर्ची जवळ ओढली.

यजमान म्हणून पहिलं बटण मीच दाबलं.

इथे एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. माझ्या गाडीचा हँडब्रेक शोभेचा आहे, म्हणून ती मी नेहमी पहिल्या गिअरमध्ये लावतो आणि चाकाखाली वीट ठेवतो. काम करताना आड येते म्हणून वीट मी नुकतीच काढली होती. चावी खिशात होती, हे नशीब, पण बटणाला चावी कळत नाही आणि गिअरही कळत नाही. सेल्फने गाडीच पुढे ओढली. बॉनेट उघडं ठेवून, आ वासून ती वीतभर चालत आली आणि बंपरने माझ्या गुडघ्यांना टेकली. बँक मॅनेजर थेट जिन्यात दिसले. नातू म्हणाला, "परत करा ना."

आवाज ऐकून ही खाली आली. तिने गाडीकडे पाहिलं, विटेकडे पाहिलं आणि खिडकीतून हात घालून गिअरचा दांडा हलवून बघितला. पंचवीस वर्षं चावी फिरवायच्या आधी ती तो असाच हलवून बघायची. मला वाटायचं, अवघडून बसल्यामुळे चाळा करते.

"अॅक्सिलरेटर दाबायला कोणी लागतं की नाही?" तिने विचारलं. वास्तविक कार्बोरेटरचा लिव्हर हाताने ओढून तारेने बांधला तरी चालतं. ते मी सांगितलं नाही. तिने माझ्या हातून बटण घेतलं, गेज नीट बसलाय ना ते पाहिलं आणि म्हणाली, "मग बसा आत. मी सांगेन तसं करा."

मी बसलो. बॉनेट वर, त्यामुळे समोरचं काही दिसत नव्हतं. काचही वर होती. सेल्फ घरघरला आणि पलीकडून तिचा आवाज आला, "आ!" मी पाय तळाला टेकवला. घरघर चालूच राहिली. पुन्हा आवाज आला, "आ!", या वेळी जरा चढा.

मी पाय तसाच ठेवला, आणि मग उचलला, आणि मग पुन्हा ठेवला.