‘पंप गेलाय’ म्हणणारा माणूस

रस्त्याकडेला गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की तिथे एक गृहस्थ येऊन उभा राहतो. हात पाठीमागे, मान जराशी तिरकी, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. गाडीवाला सेल्फ मारतो, इंजिन गरगर फिरतं, पण पेटत नाही. गृहस्थ एकदा ऐकतो, दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकतो आणि निकाल देतो, “पंप गेलाय.” गृहस्थ बदलला की निकालही बदलतो. एकाच्या मते कॉइल उडालेली असते, दुसऱ्याच्या मते सेन्सर, आणि मुलगा आयटीत असलेल्या तिसऱ्याच्या मते ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. पण निकालात कुठला ना कुठला पार्ट असतोच. ‘अजून सांगता येत नाही, आधी बघावं लागेल’ हे वाक्य बॉनेटपाशी कुणी उच्चारल्याची नोंद नाही.

या माणसाला आपण अडाणी समजतो, आणि तिथे त्याच्यावर अन्याय करतो. पंप, कॉइल, सेन्सर यांची कामं त्याला बरोबर ठाऊक असतात. त्याची अडचण एवढीच की तो गुन्हेगार नेहमी पार्टांमध्ये शोधतो, आणि बिघाड बसलेला असतो दोन पार्टांच्या मधल्या जागेत. पार्टाला नाव असतं, किंमत असते, दुकान असतं. एका वायरचं टोक दुसऱ्या वायरला जिथे जोडलंय त्या जागेला यातलं काहीच नसतं. मग तिचं नाव घेऊन वजन कसं पडणार?

इंजिन बदललेल्या गाडीपाशी हे फार स्वच्छ दिसतं. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं, कार्ब्युरेटरवर चालणारं इंजिन होतं. अशा एखाद्या जुन्या जिप्सीत हौशी मालक एस्टीमचं १.३ लिटरचं, इंजेक्शनवालं इंजिन बसवून घेतो. हे इंजिन कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून येवो की नाना पेठेतल्या ओळखीच्या दुकानातून, शहाणा माणूस ते चालू करून दाखवल्याशिवाय पैसे मोजत नाही. म्हणजे जे इंजिन परवा दुकानदाराच्या दारात गुरगुरत होतं, तेच आज जिप्सीत मुकं बसलंय. मधल्या काळात पार्ट तेच राहिले. बदलल्या त्या फक्त जोडण्या. हार्नेस कापून जोडलं, पेट्रोलचे पाइप नव्याने ओढले, अर्थिंगच्या पट्ट्या सोडल्या आणि त्यातली एखादी परत लावायची राहिली. एवढं समोर असताना आपला गृहस्थ म्हणतो, सेन्सर उडाला. इंजिन टेम्पोत निजून आलं, तेवढ्या प्रवासात?

जोडणीतले हे बिघाड मोठे इरसाल असतात. इंजिन आणि चासी यांच्यातली अर्थिंगची पट्टी राहून गेली, तर सेल्फचा करंट परतीची वाट शोधत अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल तापते. चार वेळा सेल्फ मारून त्या केबलला हात लावला की निदान बोटांनाच कळतं, पण आपल्या गृहस्थाचे हात पाठीमागे बांधलेले असतात. दुसरा प्रकार याहून बेरकी. कॉइलला किंवा ईसीएमला लागणारा करंट वायरमनने हाताशी आलेल्या वायरवरून घेतलेला असतो, आणि ती वायर नेमकी पंख्याची किंवा रेडिओची निघते. किल्ली ‘ऑन’वर असताना तिच्यात पूर्ण बारा व्होल्ट. किल्ली ‘स्टार्ट’वर गेली, की सगळी ताकद सेल्फला मिळावी म्हणून स्विच तिचा पुरवठा तोडतो. म्हणजे मिस्त्री टेस्ट लॅम्प लावून बघतो तेव्हा करंट हजर, आणि सेल्फ मारताना गैरहजर. इंजिन फिरत असतं तोवर प्लगला ठिणगी नाही. किल्ली सोडल्याच्या त्या क्षणी मात्र एकदाच ‘भक्’ करून इंजिन आशा दाखवतं. या ‘भक्’वर बॉनेटपाशी परिसंवाद भरतो. एक म्हणतो टायमिंग, दुसरा म्हणतो पेट्रोलमध्ये पाणी. टेस्ट लॅम्प कॉइलवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावं, असं कुणाला सुचत नाही, कारण त्यात मत देण्याजोगं काही उरत नाही. दिवा विझतो किंवा विझत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की ‘पंप गेलाय’ कित्येकदा खरंही ठरतं. ठरतं की! पाचजण पाच पार्ट सांगत असतील तर एखाद्याचा नेम लागणारच, आणि गल्लीच्या स्मरणात तेवढाच उरतो. पण जिप्सीच्या बाबतीत ते खरं कसं ठरतं ते पाहण्यासारखं आहे. कार्ब्युरेटरला पाव-एक बार दाब पुरतो, तेवढा जुना पंप बिनतक्रार देतो. इंजेक्टरना अडीच-तीन बार लागतात. जुन्याच पंपावर नवं इंजिन चालवायला निघालेल्या मालकाला तो पंप बदलावाच लागतो. गृहस्थाने पंपाचं नाव घेतलं हे बरोबर, पण पंप गेलेला नसतो. ठणठणीत असतो बिचारा, त्याला चुकीच्या नोकरीवर घेतलेलं असतं. तो गेला असं समजून तसलाच दुसरा आणून बसवला, तर पैसे गेले आणि गाडी तिथेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फिएट आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात हीच माणसं आवाजावरून बिघाड सांगायची आणि गाड्या सुरू व्हायच्या. हे कबूल केलंच पाहिजे. पॉइंट घासले, प्लग पुसले, डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, वायरी १-३-४-२ या क्रमाने लावल्या, की बहुतेक प्रकरणं मिटत. कॅमशाफ्टच्या एका फेऱ्यात क्रँक दोनदा फिरतो, म्हणून पिस्टन वर दोनदा येतो. चुकीच्या वेळी वर आलेला धरून डेल्को उलटा बसवला तर कार्ब्युरेटरमधून फटाका वाजतो. हे ज्याला माहीत, तो खरा जाणकारच. पण तेव्हा संशयित मोजके होते आणि तपासणी फुकट होती. अंदाज चुकला तर कानस आणि पाच मिनिटं, एवढाच खर्च. आज अंदाज चुकला तर ईसीएमची किंमत मोजावी लागते, आणि दुसऱ्या गाडीचा ईसीएम आणून लावला तर त्याची नि किल्लीची ओळख नसल्याने इमोबिलायझर इंजिन पेटूच देत नाही. आता एकाचे दोन बिघाड. अंदाज बांधायची सवय तीच राहिली, बिल मात्र वाढलं.

मग स्कॅनर लावा, असं तरुण पिढी म्हणते. हा त्याच गृहस्थाचा नवा अवतार, फक्त हातात पडदा. स्कॅनरशी बोलतो तो ईसीएम, आणि त्याच्यापर्यंत करंटच पोचत नसेल तर पडद्यावर ‘संपर्क नाही’ एवढंच उमटतं. त्यावरून हा अवतार ‘ईसीएम गेला’ असं वाचून दाखवतो. किल्ली ‘ऑन’ केली की टाकीजवळ पंपाची दोन-तीन सेकंद होणारी बारीक गुणगुण ऐकू येते का, डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागतो का, या दोन फुकटच्या प्रश्नांनी निम्मा शोध संपतो. ते विचारायला अर्थात आधी सगळ्यांनी गप्प बसावं लागतं.

या माणसाला बॉनेटपासून हाकलून द्यावं, असं मात्र मला वाटत नाही. एक तर धक्का द्यायला तोच पुढे असतो, चप्पल बाजूला काढून. दुसरं असं, की गाडी अखेर सुरू होते, मालक मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारतो, पोरं मागे चढून बसतात, आणि तेव्हा हा एकटाच विचारतो, “इंजिन नंबर बदलला ना? आरसी बुकावर चढवलाय का? आरटीओची परवानगी? उद्या ठोकली तर इन्शुरन्सवाले काय म्हणतील?” चारही प्रश्न बिनतोड असतात. जिप्सी तोपर्यंत कोपऱ्यावरून वळलेली असते.