निखळलेली फळी

आमच्या मिसिसागाच्या घरामागं लाकडी कुंपण आहे. त्याची एक फळी जानेवारीच्या वादळात निखळली. ठोकतो ठोकतो म्हणत ह्यांनी मे उजाडवला, आणि मीही फार आठवण केली नाही. त्या फटीतूनच तर पलीकडची सून मला सापडली. ऑक्टोबरात आलेली माणसं, सांगलीकडची. अख्खा हिवाळा घरातून गाडीत आणि गाडीतून घरात. बर्फ वितळल्यावर कळलं, शेजारी मराठीत भांडतात.

परवा मंगळवारी पावणेपाचला तिच्या वॉशिंग मशीनची घरघर ऐकू आली, तशी मी फटीला तोंड लावलं.

"अगं, थांबव ते आधी! घड्याळ बघितलंस का?"

"का हो काकू?"

"मे लागला की आठवड्याच्या दिवसांत ११ ते ५ वीज सगळ्यांत महाग. सातनंतर लावत जा. नाही तर शनिवार-रविवारी, तेव्हा दिवसभर स्वस्त. हायड्रोचं बिल बघत नाहीस?"

"ते पाण्याचं ना? म्हटलं, पोरगा फार वेळ शॉवरखाली उभा राहतो."

मी हसले नाही, कारण पहिल्या वर्षी मीही ह्यांच्या आंघोळीवर बादलीचं बंधन घातलं होतं. ओंटारियोत विजेच्या बिलाला हायड्रो म्हणतात. नायगाऱ्याच्या पाण्यावर वीज झाली, तेव्हापासून चिकटलेलं नाव. ह्यांनी दीड महिना बादलीनं आंघोळ केली आणि बिल जिथल्या तिथं.

तिचे सासरे एप्रिलात आलेत, सहा महिन्यांसाठी. सगळे नाना म्हणतात, मग मीही म्हणते. तीस वर्षं पतसंस्थेत काढली, शेवटची बारा मॅनेजर म्हणून. नानांची शिफारस असली की तालुक्यात ट्रॅक्टर मिळायचा, असं सून सांगते. आणि अशा माणसाच्या मुलाला इथं पत नाही! काय झालं, सुनेच्याच तोंडून ऐका.

"बँकेत गेलो, तर म्हणाले, तुमची क्रेडिट हिस्टरीच नाही. तिकडचा सिबिल ७९० होता म्हटलं, तर तो इथं चालत नाही. शेवटी पाचशे डॉलर त्यांच्याकडं ठेवले, तेव्हा पाचशेच्या मर्यादेचं कार्ड मिळालं."

नाना तेव्हा मागं वाफा खुरपत होते. खुरपं खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे पैसे आपले, आणि उधारीही आपल्यालाच?" मग क्षणभर थांबले. "हां. मुदत ठेवीवर तारण कर्ज म्हणा की. मग यात एवढं काय?" पण नंतर राहवलं नाही. "त्या साहेबाला सांगा, मी जामीन राहतो."

सुनेनं पदर नसतानाही पदरात तोंड लपवल्यासारखं केलं. मी म्हटलं, नाना, इथं ३०० ते ९०० असे गुण असतात, दहावीसारखे. जामीन नको, फक्त बिल वेळेवर भरा आणि पाचशेतले दीडशेच्या वर वापरू नका. नानांना ते पटलं. म्हणाले, मर्यादेपर्यंत उचलणारा खातेदार आम्हालाही कधी आवडला नाही.

बरं, टॅक्सचं काय केलं म्हणून विचारलं. ३० एप्रिल उलटून गेला होता. नवऱ्याचं रिटर्न भरलंय, म्हणाली. आणि तुझं? "मला कुठं उत्पन्न आहे, काकू?"

डोक्याला हात लावला मी. बाई गं, एक डॉलर उत्पन्न नसलं तरी दोघांचं रिटर्न जायला हवं. जुलैपासून सरकारनं पोराचे पैसे किती द्यायचे, ते दोघांची मिळकत बघून ठरवतात. तुझं गेलं नाही तर ते थांबतील. कर देणं निघत नसेल तर उशिराचा दंड नाही, पण आता आजच्या आज भर.

इथं मला कोपऱ्यावरच्या निळ्या दाराची गोष्ट सांगावीच लागली. (तुम्हीही आपल्यापुरती ठेवा.) त्यांचा कोथरूडला फ्लॅट, भाड्यानं दिलेला, भाडं तिकडच्याच खात्यात. तिकडं कर भरतोय, मग झालं, या हिशेबात आठ वर्षं निघाली. इथं एकदा रहिवासी झालात की जगभरातली मिळकत दाखवायची असते. वर परदेशातली गुंतवणूक एक लाख डॉलरच्या पुढं असेल, तर आल्याच्या पहिल्या वर्षानंतर दर वर्षी वेगळा फॉर्म. तो राहिला तर दिवसाला २५ डॉलर दंड, अडीच हजारांपर्यंत. शेवटी अकाउंटंटला धरून त्यांनी आपण होऊन कबुली दिली. त्या वर्षी त्यांच्या दारात नवी गाडी येणार होती. आली नाही. आम्ही कुणी विचारलंही नाही.

"मग आमचं सांगलीचं बचत खातं?" सुनेचा आवाज बारीक झाला.

"अजून साधंच आहे? अगं, परदेशी राहायला आलं की फेमाप्रमाणं ते एनआरओ खातं करून घ्यायला लागतं."

"राहू द्या हो," नाना चहाचा कप घेऊन फटीपाशी आले. "तिथला मॅनेजर आपला माणूस आहे."

"नाना, तुमच्या पतसंस्थेत कुणी असं म्हणालं असतं तर?"

नानांनी चहाचा घोट घेतला. मग दुसरा. मग म्हणाले, "व्याजावर किती कापतात?"

"तीस टक्के, वर उपकर. पण दोन देशांचा करार आहे, त्यानं पंधरावर येतं. फक्त इथल्या कर खात्याचा रहिवासाचा दाखला तिकडं द्यायचा, सोबत एक फॉर्म."

"कागद मला द्या," नाना एकदम ताठ झाले. "मी फाइल करतो."

एप्रिलपासून हा माणूस सोफ्यावर बसून टीव्हीचा रिमोट उलटसुलट करत होता. त्या संध्याकाळी नातवाकडून पंच मागून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. दोन रकाने, जमा आणि नावे. डाव्या कोपऱ्यात डॉलरचा भाव. पीपीएफपाशी मात्र घोडं अडलं. खातं मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, हे ऐकून खूष झाले. त्या व्याजावर इथं कर लागतो म्हटल्यावर कप खाली ठेवला. "पीपीएफवर?" त्या दिवशी नाना फारसं बोलले नाहीत. कुणाची तरी बेअब्रू झाल्यासारखं वाटलं असणार.

डॉलर-रुपयाचा गुणाकार तर सगळेच करतात, पण नाना तो मोठ्यानं करतात. भारतीय दुकानात मेथीची जुडी तीन डॉलरची. "दोनशे रुपयांची मेथी!" असं ते रांगेत उभं राहून म्हणाले, आणि पुढच्या पंजाबी बाईनं हातातली जुडी परत ठेवली. मेथीदाणे पेरलेत ते त्याच रागात. मी सांगितलं होतं, व्हिक्टोरिया डेचा सोमवार जाऊ द्या, तोवर दहिवर पडतं इथं. पण "सांगलीत मेमध्ये" वगैरे सुरू झालं. काल रात्री पारा उतरला, तेव्हा साडेदहाला सासरा-सून मिळून वाफ्यावर चादर घालत होते. जयपुरी चादर, लग्नातली.

आज सकाळी फटीतून बघितलं, तर चार-चार पानं हिरवीगार. नाना शेजारी उकिडवे बसलेले. मला बघून उठले. हातात हातोडी.

"ताई, ही फळी निखळलीय. आजच ठोकून टाकतो. खिळे आहेत का तुमच्याकडं?"

मी नाही म्हणाले. गराजमध्ये डबाभर आहेत.